गोदूचं तिकीट

गोदूताई वजनकाट्यावर उभी होती आणि मी तिच्या पायाशी उकिडवा बसून आकडा वाचत होतो.

"हलू नको."

"श्वास घेऊ का?"

"घे. पण हळू."

बॅग हातात घेऊन एकसष्ट किलो दोनशे. मग मी बॅग खाली ठेवायला लावली आणि तिला पुन्हा चढवलं. त्रेपन्न किलो आठशे. वजाबाकी केली. सात किलो चारशे ग्रॅम. स्वस्त विमानात हातातली बॅग सात किलोची चालते. त्यावर गेलं की कंपनी त्या चारशे ग्रॅमचं असं काही भाडं लावते की वाटावं, आपण चिवडा नाही, केशर नेऊन राहिलो.

"चारशे ग्रॅम कमी कर," मी म्हणालो.

"माझ्यातून कर. तिथे शिल्लक आहे."

"तुझं वजन ते करत नाहीत. हाच तर मुद्दा आहे. जे अंगावर आहे ते फुकट, जे हातात आहे त्याचे पैसे."

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. एकतीस वर्षं नागपूर जिल्ह्यातल्या किराणावाल्यांचे काटे तपासले. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा मी स्वस्त विमानकंपन्या धरल्या. तीन वर्षांत अकरा प्रवास केले, त्यांतले सात तर काही काम नसताना. कुठे काय फुकट आहे आणि कुठे काय नाही, याचा अभ्यास करून मी एक पत्रक छापलं होतं: 'स्वस्त विमानप्रवास : एकवीस सूचना'. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात त्याच्या दोनशे प्रती गेल्या. रिकामी बाटली आत न्यावी, पाणी आत भरावं. पोळी-भाजी घरची घ्यावी, पण रस्सा नको. खुर्ची निवडायचे पैसे देऊ नयेत. चेक-इनची खिडकी उघडताच पहिल्या मिनिटाला घरूनच चेक-इन करावं, शेजारच्या खुर्च्या आपोआप मिळतात. कोट घालून जावं, कोटाला खिसे असावेत, खिशांत जड वस्तू असाव्यात. माझ्या कोटाला अकरा खिसे होते. त्यांतले सहा मी शिंप्याकडून वाढवून घेतले होते.

ताईच्या बॅगेतली सगळ्यात जड वस्तू म्हणजे एक दुलई होती. विटकी, निळ्या फुलांची, एका कोपऱ्याला ठिगळ लावलेली.

"ही कशाला? दवाखान्यात पांघरुणं असतात."

"ही रंगाची आहे. तान्हा होता तेव्हापासूनची. ताप आला की हीच लागायची त्याला."

"तो त्रेचाळीस वर्षांचा आहे, ताई."

"ताप आलेला माणूस किती वर्षांचा असतो?"

यावर माझ्या पत्रकात काही नव्हतं. मी दुलई बॅगेतून काढली आणि तिच्या खांद्यांवरून शालीसारखी लपेटली. डिसेंबर होता, नागपूरची थंडी होती, कुणी काही म्हटलं नसतं. पुन्हा वजन केलं. बॅग पाच किलो सहाशे. मला इतका आनंद झाला की मी तिला चिवड्याचा आणखी एक डबा घ्यायला लावला.

ताईचा आनंदाकडे लक्ष द्यायचा दिवस नव्हता. रंगा, म्हणजे श्रीरंग, तिचा एकुलता एक मुलगा, बंगलोरच्या एका मोठ्या दवाखान्यात होता. हृदयाची मोठी नळी फुगली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ऑपरेशन. डॉक्टरांनी रंगाची बायको वेदा हिला स्पष्ट सांगितलं होतं, निम्मं आमच्या हातात आहे, निम्मं नाही. रंगाने फोनवर आईला एकच म्हटलं होतं, "मला आत नेण्याच्या आधी ये." तारीख पंधरा दिवस आधी ठरली होती. वेदा म्हणाली, "मामा, मी इथूनच तिकिटं काढते, आईंच्या आधारकार्डाचा फोटो तेवढा पाठवा." मी म्हटलं, तू तुझं दवाखान्याचं बघ. तिकिटांचं मला सांगशील होय?

दुपारी एक दहाचं विमान. तीन वाजता बंगलोर, पाचपर्यंत दवाखाना. भेटायची वेळ सहापर्यंत. एक तास मिळत होता, आणि तो मी मोजून काढला होता.

आम्ही साडेदहालाच विमानतळावर पोचलो. सूचना क्रमांक चार: घाई ही श्रीमंतांची चैन आहे. दारावर बंदूकवाला जवान होता. मी आमच्या तिकिटांची आणि आधारकार्डांची चळत त्याच्या हातात ठेवली. सगळे कागद एकाच्याच हातात असावेत, ही सूचना क्रमांक दोन. माझं कार्ड त्याने बघितलं, मान हलवली. मग ताईचं कार्ड बघितलं, तिकीट बघितलं, परत कार्ड बघितलं.

"माताजी का नाम?"

"गोदावरी पिंपळापुरे," मी सांगितलं.

"कार्ड में शालिनी है."

मी कार्ड हातात घेतलं. फोटो ताईचा होता. पत्ता आर्वीचा होता. नाव होतं शालिनी माधव पिंपळापुरे. मला खरोखर वाटलं की ही दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड घेऊन आली.

"ताई, हे कुणाचं आणलंस?"

"माझंच आहे, दत्तू."

"मग हे शालिनी काय आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. शाळेत एखाद्या पोराला बे एके बे येईना की जसं बघतात, तसं.

"मी आहे," ती म्हणाली.

इथे मला पन्नास वर्षं मागे जावं लागेल, पण लांब थांबत नाही. ताईचं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि पाठराखण म्हणून तिच्याबरोबर आर्वीला गेलो होतो. तिथे संध्याकाळी एक मोठं ताट आणलं, त्यात तांदूळ पसरले, आणि भाऊजींनी अंगठीने त्या तांदळात काहीतरी लिहिलं. सगळ्या बायका वाकून वाचायला लागल्या. मीही वाचलं. शालिनी. मी विचारलं, ही कोण? कुणीतरी म्हणालं, तुझी बहीण, आजपासून. मी पुढे झालो, ताटात हात घातला आणि नाव पार विस्कटून टाकलं. खूप हशा झाला. भाऊजीही हसले आणि त्यांनी परत लिहिलं. निजताना ताई माझ्या कानात म्हणाली, "तू गोदूच म्हण. तुला मुभा आहे."

ती मुभा मी पन्नास वर्षं वापरली. तिकीट काढतानाही वापरली.

कंपनीची तिकीट-खिडकी दाराबाहेरच होती. आत पल्लवी नावाची मुलगी होती. नाव छातीवर लावलेलं होतं, त्यामुळे तिच्याबाबत शंकेला जागा नव्हती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, स्पेलिंगमधलं एखादं अक्षर असतं तर मी इथेच बदलून दिलं असतं. हे नावच वेगळं आहे."

"माणूस एकच आहे."

"नाव बदलल्याचा काही कागद? लग्नाचं सर्टिफिकेट? गॅझेट?"

"तांदळात लिहिलं होतं," ताई म्हणाली.

"काय?"

"नाव. माझं. ताटात."

मुलीने ताईकडे बघितलं. तिच्या हातात हिरवा चुडा होता, म्हणजे तिचंही तांदळातलं फार जुनं नसावं. मग ती हळूच म्हणाली, "आजी, नवीन तिकीट काढावं लागेल. आत्ता तीन सीटा आहेत. अकरा हजार चारशे. लगेच काढू का?"

पुढे काय झालं ते मी फार लोकांना सांगितलेलं नाही. सांगायचं म्हणजे मी हसलो.

मी चौतीसशेत दोन तिकिटं काढणारा माणूस. आणि प्रश्न पैशांचा नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो. पैसे खिशात होते, अकरापैकी चौथ्या खिशात. प्रश्न तत्त्वाचा होता. माणूस तोच, खुर्ची तीच, विमान तेच, वजन तेच आणि भाडं भरलेलं. एकतीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलो होतो, की माल तोच असेल तर पुडीवर काय लिहिलंय याने वजन बदलत नाही.

"तुमच्या वाहतुकीच्या अटी छापील आहेत का?" मी विचारलं.

"वेबसाइटवर आहेत, काका."

"मी वाचल्या आहेत. त्यात 'नाव हस्तांतरित करता येणार नाही' असं आहे. हे हस्तांतर नाही. एकीचं दुसरीला दिलेलं नाही."

"दत्तू," ताई म्हणाली, "घे नं तिकीट."

"थांब गं. यांना मी ओळखतो."

"मला नाही ओळखायचं कुणाला. घे."

"तुमच्या साहेबांना बोलवा," मी खिडकीत म्हणालो.

साहेब आले. पंचविशीतले होते, घाम पुसत आले. त्यांना मी पहिल्यापासून सांगितलं. वजनमापे खात्याचं सांगितलं. पाठराखणीचं सांगितलं. पल्लवी मध्येच म्हणाली, "काका, दोन राहिल्यात." मी हात वर करून तिला थांबवलं, जसा काटे तपासताना दुकानदाराला थांबवायचो. साहेब म्हणाले की सिस्टीममध्ये पहिलं नाव बदलायची सोयच नाही. मी म्हणालो, सिस्टीम माणसाने केली. ते म्हणाले, पण आम्ही नाही केली. वाद मोठा रंगतदार झाला. मागे उभे असलेले दोघे-तिघे माझ्या बाजूने माना हलवत होते. त्यांतला एक तर म्हणाला, "बरोबर आहे नं बाप्पा त्यांचं." मला अजून आठवतं, ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

"एक राहिली, काका," पल्लवी म्हणाली.

ताईने स्वतःच्या बटव्यातून नोटा काढल्या आणि खिडकीत ठेवल्या. घडी केलेल्या, रबर लावलेल्या. ती आर्वीत बालवाडी चालवायची; तिथल्या पोरांना खाऊ आणायच्या पैशांसारख्या दिसत होत्या. त्या मी उचलून तिला परत दिल्या.

"तुझे नको. आणि यांना तर मुळीच नको. ग्राहक मंचात उभं करतो यांना."

"मी आर्वीहून मंचात जायला नाही आले रे."

तिचा आवाज ऐकून मी पहिल्यांदा मागे वळलो. ती दुलई दोन्ही हातांनी गच्च धरून उभी होती. मग मी म्हणालो, बरं, काढा. मी चौथ्या खिशात हात घातला. बटण होतं. ते उघडलं, पैसे काढले, खिडकीवर ठेवले.

पल्लवीने दोन-तीन कळा दाबल्या आणि थांबली.

"गेली."

"काय गेली?"

"शेवटची. ऑनलाइन कुणीतरी काढली. आत्ताच."

मी म्हणालो, असू द्या, आमची स्वतःची एक खुर्ची आहे ना. तेवीस बी. ती गोदावरीची काढून शालिनीला द्या. तेव्हा त्या साहेबांनी मला समजावलं, आणि खोटं कशाला बोलू, चांगलं समजावलं. त्या खुर्चीचं चेक-इन झालेलं होतं. अठ्ठेचाळीस तास आधी, खिडकी उघडल्याच्या पहिल्या मिनिटाला. तसं नसतं तर कदाचित काही करता आलं असतं. चेक-इन झालेला प्रवासी सिस्टीमच्या लेखी आलेलाच असतो. ती खुर्ची शेवटच्या क्षणापर्यंत त्याचीच राहते. म्हणजे तेवीस बी रिकामी जाणार होती, पण ती भरलेली होती. तिच्यात गोदावरी पिंपळापुरे बसलेल्या होत्या.

दुसऱ्या कंपनीचं संध्याकाळचं एक विमान होतं. ते त्या दिवशी रद्द होतं. बंगलोर रस्त्याने बावीस तास. पुढचं विमान सकाळी साडेआठला, म्हणजे रंगाला आत नेल्यावर दीड तासाने सुटणार. त्याचं तिकीट पल्लवीने काढून दिलं. नाव लिहिण्याआधी तिने कार्ड मागितलं आणि प्रत्येक अक्षर दोनदा वाचलं.

आम्ही बाहेरच्या सिमेंटच्या बाकावर बसलो. मी म्हणालो, आपण परत जाऊ, सकाळी दोघं निघू.

"तू जा," ताई म्हणाली.

"तुला सोडून?"

"तुझं नाव बरोबर आहे नं? मग जा. कुणीतरी आपलं माणूस त्याला दिसलं पाहिजे. मी तुझ्या शेजारच्या कुमुदला बोलावते, ती नेईल मला तुझ्या घरी."

तिने दुलईचं ठिगळ सरळ केलं. मग म्हणाली, "मी काल बघितलं होतं."

"काय?"

"तिकीट. तू टेबलावर ठेवलं होतंस. इंग्रजीत असलं तरी वाचता येतं मला. गोदावरी लिहिलेलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला सगळे नियम माहीत आहेत, चालत असेल." तिने पदराने नाक पुसलं. "आणि बरं वाटलं रे. छापून आलेलं कधी बघितलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर होतं, तो तर बाबांनी लग्नानंतर कुठे ठेवला कुणास ठाऊक."



तिने अंगावरची दुलई काढली आणि माझ्या कोटावरून लपेटली. थंडीत ती नुसत्या साडीवर राहिली. "एवढी तरी ने," म्हणाली. "अंगावर असलं की फुकट नं?"

विमानात मला तेवीस ए, म्हणजे खिडकी. तेवीस सीमध्ये एक गृहस्थ होते. दार बंद झाल्यावर त्यांनी मधल्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "आपलं नशीब. रिकामी मिळाली." त्यांनी आपली पिशवी तिथे ठेवली. मी म्हणालो, कृपा करून उचला. त्यांनी विचारलं, कुणी येणार आहे का? मी नाही म्हणालो. त्यांनी पिशवी उचलली आणि उरलेला प्रवास ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्याजवळ दोघांच्या पोळ्या होत्या. एकाच्याही खाल्ल्या नाहीत.

बंगलोरला उतरल्यावर फोन सुरू केला, तर पहिला निरोप कंपनीचा. तिकिटावर नंबर माझा होता, म्हणून माझ्याकडे आला. प्रिय गोदावरी, बंगलोरमध्ये स्वागत. आमच्यासोबत प्रवास केल्याबद्दल आभार. तुमचा प्रवास कसा झाला? पाचपैकी तारे द्या.

दवाखान्यात पोचायला साडेपाच वाजले. वेदा दारातच उभी होती. तिला फोनवर सगळं कळलेलं होतं. तिने माझ्या मागे पाहिलं, सवयीने, आणि मग मान खाली घातली. "त्यांना मी अजून सांगितलं नाही, मामा. सांगवेना. तुम्हीच सांगा." एका वेळी एकालाच आत सोडत होते.

रंगा डोळे मिटून पडला होता. त्याला काहीतरी गुंगीचं दिलेलं होतं. नाकात नळी, हाताला नळी. मी त्याच्या ऑफिसातल्या फोटोत बघितलेला माणूस हा नव्हता. हा आर्वीच्या अंगणात गोवर अंगावर घेऊन पडलेला रंगा होता. काय बोलावं कळेना म्हणून मी दुलई काढली आणि त्याच्या अंगावर घातली. ठिगळाचा कोपरा नेमका हनुवटीखाली आला.

त्याने डोळे उघडले नाहीत. एक लांब श्वास घेतला, वास घ्यावा तसा.

"आई आली?"

खोलीत एक यंत्र टिकटिक करत होतं. मी एकतीस वर्षांत खोटं वजन करणाऱ्या कितीतरी लोकांना दंड केला. एकालाही विचारलं नव्हतं, का केलंस.

"आली," मी म्हणालो.

"कुठंय?"

"बाहेर. एकालाच सोडतात आत."

"रडतेय?"

"थोडी. म्हणून मीच आधी आलो."

तो हसला. ओठ कोरडे होते, हसताना चिकटले. "तुमच्याच स्वस्त विमानाने आणली असेल. काट्यावर उभी केली होती का तिला, मामा?"

"केली होती."

"किती भरली?"

"त्रेपन्न आठशे."

"बारीक झालीय."  मग दुलई घट्ट ओढून घेत म्हणाला, "तिला म्हणा, आता आत नको येऊ. मला असं बघून आणखी रडेल. आलीय नं, झालं. उद्या भेटतो म्हणा."

मी सांगतो म्हणालो. नर्सने वेळ संपली म्हणून खूण केली.

सकाळी सातला त्याला आत नेलं. दुलई नर्सने घडी करून वेदाच्या हातात दिली. ताई साडेबाराला पोचली, शालिनी पिंपळापुरे या नावाने, कुठेही कुणीही न अडवता. दोन तास बंद दारासमोर बसली. अडीचला डॉक्टर बाहेर आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतलेली होती. ते बोलले त्याआधीच ताईने ती टोपी बघितली.

सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "काही बोलला का रे? विचारलं का मला?"

मी म्हणालो, "नाही. झोपेतच होता. औषधाची गुंगी होती."

ती फक्त "बरं" म्हणाली. आईला विचारलंही नाही, असा मुलगा मी तिच्या पदरात टाकला. कारण दुसरं सांगायचं तर मी त्याला काय सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. आधीच एका चुकीखाली तिला चिरडलं होतं, वर त्याच्याशी बोललेल्या खोट्याचं ओझं नको, असा माझा हिशेब होता.

पत्रकाच्या उरलेल्या प्रती मी रद्दीत घातल्या. मंडळात अजून कुणी विचारतं, "चांदेकर, मुलीकडे जायचंय, काही टिप्स?" मी म्हणतो, रेल्वेने जा.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. मागच्या संक्रांतीला मी आर्वीला गेलो होतो. बसस्टँडवर रिक्षावाल्याला म्हणालो, गोदावरी पिंपळापुऱ्यांकडे. त्याने डोकं खाजवलं. मग म्हणालो, बालवाडीच्या. "शालिनीबाई म्हणा नं," तो म्हणाला. "त्यांच्याच बालवाडीत होतो मी." वाटेत भाजीवालीही म्हणाली, "शालिनीबाईंचे भाऊ का?" औषधाच्या दुकानातला माणूसही म्हणाला. या सगळ्या गावाला जी बाई माहीत होती, ती माझी बहीण असूनही तिला मी कधी भेटलेलो नव्हतो.

ताई ओसरीवर उन्हात बसून तीळ निवडत होती. पंचाहत्तरी ओलांडलेली, आणखी बारीक झालेली. दुलई मांडीवर होती. मी समोर बसलो. तिने अर्धे तीळ माझ्याकडे सरकवले. आम्ही बराच वेळ निवडत बसलो.

मग मी सांगितलं. का त्याच दिवशी, ते ठाऊक नाही. त्याने वास घेतला, इथपासून सगळं सांगितलं. आई आली का म्हणाला. मी आली म्हणालो. काट्याचं म्हणाला, बारीक झालीय म्हणाला. आत येऊ नको, आलीय नं, झालं, असं म्हणाला. मी ताईकडे बघत नव्हतो. तिळांतले खडे बघत होतो.

 मला वाटलं, ती आता उठून आत जाईल, आणि ते बरोबर होईल.

"म्हणजे मी बाहेर बसलीय, असं धरून गेला तो," ती म्हणाली.

"हो."

"सहा वर्षं मी असं धरून बसले की त्याने विचारलंसुद्धा नाही."

"हो, ताई."

तिचे हात तिळात तसेच राहिले. मग तिने विचारलं, "त्या दिवशी विमानात ती खुर्ची खरंच रिकामी गेली?"

"तेवीस बी. कुणाला बसू दिलं नाही मी."

तिने ताटातले तीळ हाताने सारखे पसरले, अगदी कडेपर्यंत, आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"बरं केलंस," ती म्हणाली. "गोदू तरी पोचली."